दोन आणि एक वरचं

नगर
९ नोव्हेंबर २०२५

जहिराफुफी, सलाम.

रागात लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या. फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. मोबाईलवर लिहिलं तर आधी फैयाजभाई वाचतात, मग रेश्माभाभी, मग तिसगावपर्यंत बातमी. म्हणून बजरंगच्या जीपने कागदच पाठवतेय.

काल जेवताना हारिसने विषय काढला, की या घरात कुत्री किती ठेवायची ते एकदा ठरवून टाकू. मला वाटलं खरंच ठरवायचंय. माझ्या चष्म्याच्या दुकानामागे माझ्या कुत्र्याची बहीणही आहे, म्हणून मी एक की दोन याची उत्तरं तयार करून बसले. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. एकही नाही. मी अब्बांकडे बघितलं, तर ते भाकरी मोडत राहिले.

गुलगुला नाव आहे त्याचं. गोल आणि तांबूस, आत्ताच तळून काढल्यासारखा. घरात कधीच येत नाही, जिन्याच्या वळणावर पोत्यावर झोपतो. त्याची थाळी वेगळी आहे. त्याने हात चाटला की मी हात धुऊन, ओढणी बदलून मगच नमाजला उभी राहते. तरी हारिस, सख्खा भाऊ असून, म्हणतो, "तुझ्यामुळे रहमतचे फरिश्ते दारातून परत जातात." मी म्हटलं, "ते तुझ्या शिव्या ऐकूनच परत जातात, जिन्यापर्यंत पोचतच नाहीत." अम्मी हसली, म्हणून तो आणखी भडकला.

पण फुफी, त्याचं बोलणं मला टोचतं. राखणीचं कुत्रं ठेवावं, नुसत्या हौसेचं ठेवू नये, हे तुम्हीच शिकवलंय. तुमच्या घरचा कायदाही मला पाठ आहे, कामाशिवाय कुत्रं नाही. मोती शेळ्यांचा, काळ्या घराचा, आणि एक वरचं. दाराच्या पत्र्यावर खडूने तुम्ही मला मोजायला शिकवलंत तेव्हाही हेच होतं, "दोन आणि एक वरचं". वरच्या वावरातलं ते कुत्रं मी कधी जवळून बघितलं नाही, तुम्ही मुलांना डोंगराच्या अंगाला जाऊ देत नव्हता.

माझी वीनंती आहे, चौथं ठेवाल का?

तुमची रुमाना

*

तिसगाव, डोंगराकडची वस्ती
१६ नोव्हेंबर

रुमाना बेटा, दुआ.

तुझं पत्र दुरुस्त करून सोबत परत पाठवलंय. 'विनंती'चा 'वि' ऱ्हस्व. दहा वर्षांची होईपर्यंत तू माझ्या हाताखाली होतीस तोवर अशा चुका करत नव्हतीस. पुढे शाळेने बिघडवलं.

महमूदला सांग, भाकरी मोडणं हे उत्तर नाही. लहानपणीही भांडण लागलं की तुझा बाप ताटात बघायचा आणि मार मला बसायचा.

चौथं ठेवणार नाही. दोन आणि एक वरचं, यापुढे आम्ही जात नाही. पण वरचं सध्या नाही, दिवाळीच्या सुमाराला गेलं. त्याची जागा रिकामी आहे आणि फैयाज दुसरं शोधतच होता. तेव्हा पाठव.

घरात येणार नाही. लाड होणार नाहीत. नाव तू कळवलंस, पण इथे वरच्याला नाव नसतं, ते आम्ही वापरणार नाही. फैयाज विचारतो, जोरात भुंकतं का?

जहिरा

*

नगर
२१ नोव्हेंबर

फुफी, सलाम.

बजरंगसोबत गुलगुल्याला पाठवलं. जीपमध्ये बसताना तो माझ्याकडे बघत नव्हता, बजरंगच्या डब्याकडे बघत होता. बरं झालं. हारिस वर्कशॉपमधून येऊन रिकामं पोतं बघून म्हणाला, "झालं ना शांत?" मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. ग्रील आणि गेट बनवणाऱ्या माणसाला सगळीकडे बंदच करायची सवय लागते.

हो, जोरात भुंकतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंची तीच तक्रार होती.

आता एक मागणं आहे आणि ते मी फार विचार करून लिहितेय. त्याला खरं काम द्या, नावापुरतं नको. माझ्यावर माया आहे म्हणून तुम्ही त्याला नुसतं पोसाल, तर तो हौसेचाच कुत्रा झाला, आणि त्याचा दोष तुमच्या घरावर माझ्यामुळे येईल. मला ते सहन होणार नाही. काय काम दिलं ते लिहून कळवा.

रुमाना

*

वस्ती
१ डिसेंबर

रुमाना बेटा, दुआ.

पोचलं. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, मग लावलं. अलिझा त्याच्या मागे-मागे फिरते. तीन वर्षांची झाली आता फैयाजची पोर. तिला मी त्याच्यापासून लांब ठेवते, लळा लागायला नको.

तू म्हणालीस तसं काम दिलंय. वरचंच दिलंय. वरच्या बांधावर, तुरीच्या कडेला बांधलंय. आवाज चांगला आहे म्हणे. मला कुठलं कळायला, फैयाज सांगतो.

'वर्कशॉप' बरोबर लिहिलंस.

जहिरा

*

नगर
७ डिसेंबर

फुफी, सलाम.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. चष्मा घ्यायला आलेल्या एका आजोबांना मी आपणहून सांगितलं, की माझा कुत्रा शेत राखतो. त्यांना काय कळलं कोण जाणे, "छान, छान" म्हणाले.

सोबत खिळ्यांचा पट्टा पाठवतेय. मोती आणि काळ्याच्या गळ्यात असतो तसाच, खिळ्यांची टोकं बाहेर. बिबट्या, तुमच्याकडे म्हणतात तो वाघ, मानेलाच धरतो, असं तुम्हीच सांगायचात. वरचं वावर तर डोंगराला चिकटून आहे, तिथे त्या दोघांपेक्षा यालाच पट्ट्याची जास्त गरज. मधलं चामडं मऊ बघून घेतलंय.

दिवाळीत जुनं वरचं गेलं ते म्हातारं होऊन का?

रुमाना

*

वस्ती
१३ डिसेंबर

रुमाना बेटा, दुआ.

पट्टा परत पाठवतेय. चांगला आहे, पण वरच्याला पट्टा घालत नाहीत. घातला तर वाघ त्याला तोंड लावत नाही आणि सरळ अंगणात येतो. मग वरचं बांधून उपयोग काय?

जुनं म्हातारं नव्हतं. वाघाने नेलं. त्याआधीचंही तसंच. हे तुला माहीत असेल अशा समजुतीने मी लिहीत होते.

थंडी फार आहे. महमूदला कानटोपी घालायला सांग.

जहिरा

*

नगर
१४ डिसेंबर

फुफी,

सलाम लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते, सलाम.

तुमचं पत्र मी काउंटरवर उभ्याने वाचलं आणि पुन्हा वाचलं. आधी वाटलं, घाईत काहीतरी सुटलं असेल. पण तुमच्या लिहिण्यातून काही सुटत नाही. कानटोपीसुद्धा सुटली नाही.

वरचं म्हणजे वरच्या वावरातलं, असं मी समजत होते. लहानपणापासून. तुम्ही बोट डोंगराकडे करायचात आणि मी समजायचे. वरचं म्हणजे जास्तीचं, गेलं तरी चालणारं, हे आज कळलं. ज्या पत्र्यावर मी पहिला आकडा काढला, त्या पत्र्यावर तुम्ही मरायचं कुत्रं मोजून ठेवलं होतं, आणि मी ते मोठ्याने म्हणून दाखवायचे, आणि तुम्ही "शाबास" म्हणायचात.

गुलगुला हे नाव घेतलं नाहीत. अलिझाला जवळ जाऊ दिलं नाहीत. आवाज किती आहे ते विचारून घेतलंत. भुंकणं वाघाला ऐकू जावं म्हणूनच ना? आणि मी मूर्ख, फुशारकीने लिहिलं, हो, जोरात भुंकतो!

तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून चपलेत पाणी भरून आणणाऱ्या माणसाची गोष्ट मला कोणी सांगितली? त्या एका पाण्यावर त्याचे गुन्हे माफ झाले, इथवर आलं की तुमचा आवाज भरून यायचा. कशाला यायचा?

हारिसशी मी महिनाभर बोलणं सोडलं. तो बिचारा नुसतं जिन्यातून काढा म्हणत होता.

बजरंगला सांगितलंय, तो येताना गुलगुल्याला घेऊन येईल. तुम्ही फक्त दोरी सोडा. आजच सोडा. मी परत जिन्यात ठेवीन, फरिश्त्यांचं काय ते मी बघून घेईन.

रुमाना

*

वस्ती
१८ डिसेंबर

रुमाना,

बजरंगला रिकामा परत पाठवला. दोरी सोडली नाही.

"त्याला खरं काम द्या, नावापुरतं नको." हे वाक्य तुझं आहे. त्यात चूक नव्हती, म्हणून मी दुरुस्त केलं नव्हतं. काम मागितलंस, दिलं. या घरात त्याच्याइतकं खरं काम कोणाचंच नाही. आता काम आवडलं नाही म्हणून तू माझ्या अंगावर येतेस?

मूर्ख म्हणतेस स्वतःला, तर ऐक. गेल्या वर्षी तूर अशीच डोक्याएवढी उभी होती. खालच्या वस्तीवर रतनबाईची नात अंगणात भांडं विसळायला बसली होती. रतनबाई चुलीपाशी. मध्ये चार पावलं. भांडं तिथेच राहिलं, पोरगी तुरीत सापडली. त्यांच्याकडे वरचं नव्हतं. कुत्रंच नव्हतं. त्यानंतर या डोंगराकडच्या प्रत्येक वस्तीवर वरचं आहे. आमच्याकडे आधीपासून आहे, आणि म्हणून आमच्या अंगणात काही झालेलं नाही.

मग वनखात्याने पिंजरा आणून लावला. त्यात शेळी बांधली. ती शेळीही ओरडत होती म्हणतात. तिच्यासाठी नगरहून कोणाचं पत्र आलं नाही.

गोष्ट मी सांगितली आणि आजही सांगेन. त्या विहिरीपाशी वाघ नव्हता आणि त्या माणसाच्या पाठीमागे त्याची नात खेळत नव्हती.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुत्र्याचं नाव दोन ठिकाणी आहे. अलिझाचं नाव एकदा आलंय, तेही कुत्र्याजवळ जाऊ दिलं नाही म्हणून. पोर जिवंत आहे का, कुठे झोपते, याचा एक शब्द नाही. चष्म्याच्या दुकानात बसतेस, तुझ्या अंगणात कोण येतं? घरमालकीण.

इथे येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही.

जहिरा

*

नगर
२० डिसेंबर

फुफी, सलाम.

अलिझाची चौकशी केली नाही, ही माझी चूक. ती मान्य करूनही माझा राग जात नाही, आणि का जात नाही ते नीट तपासूनच लिहितेय, कारण तुमच्याशी भांडताना मला खोटं पडायचं नाही.

काम द्या हे मीच लिहिलं, खरंय. पण काम म्हणजे काय? मोती दिवसभर शेळ्यांमागे फिरतो आणि संध्याकाळी भाकरीला येतो. काळ्या रात्रभर जागतो आणि सकाळी उन्हात झोपतो. फैयाजभाई खुरपून घरी येतात, मी दुकान बंद करून घरी येते. जे करून घरी येता येतं ते काम. मरणं हे काम नाही, फुफी. राखणीचं कुत्रं ठेवायची परवानगी आहे, त्यात बांधून मारायची परवानगी तुम्ही कुठून आणलीत? तुमच्या घरात इतकी वर्षं एक कुत्रं कामाशिवायच होतं. कायदा तुम्हीच मोडलाय.

आणि दुसरं. जुनं वरचं नेलं, त्याआधीचं नेलं, त्याच्याही आधीचं नेलं असेल. म्हणजे वाघ गेला नाही, परत परत आला. का येणार नाही? तुमच्या बांधावर त्याला वाढून ठेवलेलं असतं. तुम्ही त्याला थांबवत नाही, जेवायला बोलावताय. ज्या दिवशी ताट रिकामं असेल त्या दिवशी तो कुठे बघेल? तुमच्या दाराकडेच ना? रतनबाईच्या नातीच्या वेळी तो कोणाच्या बांधावर जेवायला शिकलेला होता, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंत का?

हे लिहून मला घाम आलाय. पण खोडणार नाही.

हारिसला सगळं सांगितलं. म्हणजे ओरडूनच सांगितलं. तो म्हणाला, "मी कुत्रा घालव म्हणालो होतो, वाघाला घाल नव्हतो म्हणालो." तो शेळ्यांच्या गोठ्याला लोखंडी जाळी बनवतोय. आठवड्याने, २८ तारखेच्या रविवारी, टेम्पोत घालून आम्ही दोघं आणतोय. अब्बा पण येतो म्हणाले. ताटातून मान वर काढून म्हणाले.

दार उघडू नका. जाळी बाहेरूनच बसते.

रुमाना

*

वस्ती
२४ डिसेंबर

रुमाना,

तुझं पत्र लाल पेन घेऊन वाचलं. एकही चूक नाही. रागात तू शुद्ध लिहितेस, हे आधी माहीत असतं तर लहानपणी तुला जास्त चिडवलं असतं.

रतनबाईच्या नातीचं जे लिहिलंस ते वाचून मी कागद चुलीत घालायला उठले होते. तिच्या मातीला मी गेले होते, तू नव्हतीस. तेवढ्यावरून मी तुला माफ केलेलं नाही. उत्तरही देणार नव्हते.

परवा संध्याकाळी, दिवा लागायच्या वेळी, अलिझा ओसरीवर बसली होती. दोन्ही कानांत बोटं आणि डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, माझी नक्कल करतेय. बहिरी दादी, बहिरी दादी, असा खेळ ती करते. मी रागावले, हात ओढले. तिने परत बोटं घातली. ती हसत नव्हती.

मी रेश्माला विचारलं, हे काय? तिने माझ्याशी बोलायचा खडू घेतला आणि पत्र्यावर लिहिलं, "वरचं रडतं." मी विचारलं, आज? तिने खाली लिहिलं, "रोज."

फैयाजला पुढे घेतलं. म्हटलं, मला का सांगितलं नाही? त्याने लिहिलं, "तुला ऐकू येत न्हाई, तुला काय सांगायचं." माझ्या मुलाने! 'नाही'सुद्धा बोलतो तसंच लिहिलं, आणि मला ते दुरुस्त करायचं भान राहिलं नाही.

मला ऐकू येईनासं झालं त्याला किती वर्षं झाली, तू मोज. तेव्हापासून वरचं कोणतं, कुठे बांधायचं, कधी बांधायचं, हे या घरात मी ठरवते. मी ठरवते आणि आत जाऊन झोपते. ऐकतात हे. माझी तीन वर्षांची नात ऐकते. सून उशी डोक्यावर घेते म्हणे. आणि एकानेही मला सांगितलं नाही! सगळ्यांनी मला घरातली शहाणी म्हणायचं आणि शहाणीला तेवढं वगळून अख्ख्या घराने रडणं ऐकायचं! तुझ्यापेक्षा मला या लोकांचा जास्त राग आलाय. आणि त्यांच्यापेक्षा कोणाचा आलाय ते मी लिहिणार नाही.

मी काठी आणि बॅटरी घेऊन स्वतः बांधावर गेले. फैयाज पुढून आडवा आला, तोंड हलवत होता. मी बघितलं नाही त्याच्याकडे. गाठ सुटेना, विळ्याने दोरी कापली. मला वाटलं पळून जाईल. माझ्याआधी घरी पोचला होता.

काल सकाळी शेजारचा कल्याण भांडायला आला. "मावशी, तुमी वरचं सोडलं म्हनं. आता वाघ आमच्या अंगनात यायचा." मला ओठ कळतात, तुला ठाऊक आहे. पण मी म्हटलं, ऐकू येत नाही, जोरात बोल. तो जोरात बोलला. म्हटलं, अजून जोरात. तेव्हा तो सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडला, "वाघाला कुत्रं बांधा!" त्याची दोन्ही पोरं बांधावर उभी राहून बघत होती. मग त्यालाच कसंतरी झालं. म्हणाला, "बरं, जाऊ द्या," आणि गेला. तो चुकीचं बोलत होता असं समजू नकोस. त्याला भीती वाटते. मलाही वाटते. वाघ डोंगरातच आहे आणि तो तुझं पत्र वाचणार नाही.

म्हणून नीट ऐक. दिवा लागल्यावर अलिझा ओसरीखाली उतरणार नाही, भांडी आत विसळायची, असं मी पत्र्यावर लिहून ठेवलंय. हारिसला सांग, पहिली जाळी गोठ्याला नको, ओसरीला लाव. शेळ्यांची मग. गोठ्याला पुरली नाही तर शेळ्या माझ्या खोलीत बांधीन, मला त्यांचा आवाज त्रास देणार नाही. कल्याणच्या ओसरीचं मापही घेऊन जा म्हणावं. महमूदने यावं. आला की आधी माझ्याशी भांडावं, मग जेवावं.

कुत्री तीन राहतील. तिन्ही सुटी, तिन्ही अंगणात. अलिझाला काल पत्र्यावर शिकवलं, मोती, काळ्या, गुलगुला. तिने तीन बोटं दाखवली आणि विचारलं, "आणि वरचं?" वरचं कोणी नाही, म्हटलं. तिला ते पटलेलं दिसत नाही. आज संध्याकाळीही बोटं कानांतच होती.

पट्टा परत आण. गुलगुल्याची मान दोरीने सोललीय. पट्टा एक भोक सैल ठेव.

जहिरा